शेजाऱ्यांचे बोट

मुलांनो, मांडवीतले आपले शेजारी बोट रोखल्याशिवाय बोलतच नाहीत. "वहिनी, तुमच्या माडाचा झाप आमच्या अंगणात पडलाय!" तेच बोट नारळ सोलताना कोयत्याने कापले. डॉक्टरांनी आतला स्नायुबंध शिवला आणि सुजेमुळे तो आखडू नये म्हणून गोळ्या दिल्या. स्वारीने त्या फळीवर ठेवून दिल्या.

"दुखत नाय, मग गोळी कशाला?"

"भावोजी, गोळी सुजेसाठी आहे, दुखण्यासाठी नव्हे. बोट वाकडं राहील."

"गोळ्या तुम्ही शिकलेल्यांनी खाव्यात!"

आता ते बोट आंबे काढायच्या आकडीसारखे वाकून बसले आहे. काल पुन्हा झाप पडला. दोन अंगणांमधल्या दगडी गडग्यापाशी येऊन त्यांनी माझ्यावर बोट उगारले. पण वाकडे बोट त्यांच्याकडेच बघत राहिले.