परब सरांचा तळहात

परब सरांना मी पहिल्यांदा पाहिलं ते मुलुंडला, त्यांच्या सोसायटीच्या हॉलमधल्या जपानीच्या वर्गात. इंजिनिअरिंग अर्धवट सोडून मी घरी बसलो होतो. माझी मैत्रीण केतकी त्या वर्गाला जायची, म्हणून मीही गेलो. सरांनी दारातच विचारलं, "भाषेसाठी आलास की भलत्याचसाठी?" माझी वाटच लागली. तेव्हापासून मी सरांना घाबरतो.

जपानीत एकाच उच्चाराचे कितीतरी शब्द असतात. 'कामी' म्हणजे देव, कागद आणि केससुद्धा. चित्राक्षरं मात्र तिघांची वेगळी. ती ओळखण्यासाठी सरांनी लावलेली शिस्त त्यांच्या सगळ्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहे. असा शब्द आला की शेजाऱ्याने डोळे मिटायचे, आपण त्याच्या तळहातावर बोटाने अक्षर काढायचं आणि त्याने अर्थ सांगायचा. "डोळे फसवतात रे. हाताला कळलं की ते कायमचं," असं सर म्हणत.

एकदा केतकीच्या हातावर 'कागद' लिहिताना माझं बोट थरथरलं. मागून सर म्हणाले, "अरे मेल्या, कागद लिही. तिच्या केसांत अडकू नको." वर्ग हसला, मी भडकून निघून गेलो. त्याच संध्याकाळी सर घाटकोपरला आमच्या घरी आले. आईच्या हातचा चहा घेतला आणि उठताना म्हणाले, "कॉलेज रागाने सोडलंस, वर्ग सोडू नकोस." सरांनी अशी किती जणांची दारं वाजवली असतील, देव जाणे.

यंदा सरांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत आणि त्यांचे डोळे दगा देऊ लागले आहेत. एका डोळ्याची आशा डॉक्टरांनी सोडली. दुसऱ्याचं ऑपरेशन पंचाहत्तरीच्या या सत्कारानंतर आहे. मागच्या महिन्यात फळ्यावरचं 'कागद' सरांनी 'देव' म्हणून वाचलं. कुणीही हसलं नाही. सरांनी खडू खाली ठेवला.

"बास. चुकीचं शिकवण्यापेक्षा वर्ग बंद केलेला बरा." सरांच्या आवाजात भीती मी प्रथमच ऐकली.

"असं कसं बंद करता, सर?" मी ओरडलोच.

"हळू बोल ना, यार," केतकी पुटपुटली.

मी पुढे जाऊन सरांचा हात धरला आणि तळहातावर तेच अक्षर काढलं. 'कागद'मध्ये डावीकडे सुताची खूण असते, उजवीकडे बाकीचं. सरांनी डोळे मिटले.

"कागद," ते म्हणाले. "पण सूत अर्धंच काढलंस. काय हे? पुन्हा काढ."

वर्ग चालू आहे. फळ्यावर केतकी लिहिते, आम्ही सरांच्या हातावर.

ऑपरेशनची मला भीती वाटते, ती लपवत नाही. सरांना शंभरी लाभो, दृष्टीही लाभो. आणि सर, वरच्याने ऐकलं नाही तरी हात तेवढा पुढे ठेवा. आम्ही आपापल्या चुका घेऊन रांगेत उभे आहोत.