गारगोटीच्या वाट्याला गेलेली ताई

कोल्हापुरातल्या सरकारी केंद्रात माझ्या लेकीच्या पायांना व्यायाम द्यायला एक ताई होती. लेक तीन वर्षांची, पाय जन्मापासून ताठ. धरून उभी राहायची, पण सुटं पाऊल टाकायची न्हाय. ताई पाय ओढून सरळ करायची तेव्हा ती असली बोंबलायची की बाहेरची माणसं डोकावायची. संपलं की थेट माझ्या गळ्यात. मी मुरगूडवरनं एसटीनं यायची, आणि त्या ताईवर माझाच हक्क हाय असं धरून चाललेली.

मग वरनं हुकूम आला. आता पोरांनी कोल्हापूरला यायचं न्हाय, केंद्रच तालुक्याला जाणार. ऐकायला ग्वाड, पण माणसं वाटली गेली की. ताई गेली गारगोटीला. आमच्या तालुक्याला, कागलला, आली एक नवी पोरगी, कालच कॉलेजातनं सुटल्यागत. ती लेकीच्या पायाला हातच लावेना. म्हणाली, "आता नवी पद्धत हाय. व्यायाम आईनंच द्यायचा, रोज, घरात. मी शिकवणार आणि बघणार."

आणि गारगोटीची ती बाई. केंद्रात बाकावर माझ्याशेजारी बसायची, माझ्या डब्यातली खर्डा-भाकरी खायची. तिचा पोरगा आत्ता कुठं यायला लागलेला, आणि तिच्या ताटात ताई आयती वाढली. माझ्या जिवाची नुसती आग झाली. तिनं फोन करून सांगितलं, "आमचा बसाय लागला की." मी "बरं झालं" म्हणलं आणि दिवसभर भांडी आपटली.

व्यायाम मात्र चुकवला न्हाय. सकाळची भाकरी झाली की लेकीला चटईवर घ्यायची. ती बोंबलायची, मी दातओठ खाऊन ओढायची. पुढं पुढं नुसती चटई काढली तरी ती सरपटत सासूबाईंच्या मागं जाऊन बसायची.

एक दिवस मला राहवेना. लेकीला काखोटीला मारलं आणि गारगोटीची गाडी धरली. ताईला सांगणार होते, आम्हाला तुमच्याकडंच घ्या, तालुका गेला खड्ड्यात.

जाऊन बघते तर ताई हात मांडीवर ठेवून बसलेली. घामाघूम होऊन पोराचे पाय ओढत होती ती बाईच, आणि पोरगं बोंबलत होतं. म्हणजे इथं बी तेच. खोटं कशाला बोलू, मला लई बरं वाटलं.

ताईला पोरांना पावणं म्हणायची जुनी सवय. लेकीला बघून तिनं दोन्ही हात पुढं केले. "या पावणं. लई दिसांनी वाट वाकडी केली."

मी लेकीला खाली उभं केलं, धरायला वाकले. तिनं माझा हात झटकला. एक पाऊल टाकलं, मग दुसरं, आणि धडपडत गेली ती थेट ताईच्या गळ्यात.

गारगोटीच्या बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. "अगं, चालली की तुझी लेक. नशीबवान हायस बाई."

व्हय, चालली. ज्याच्यासाठी एवढा जीव काढला ते झालं. आणि मला त्या बाईचा न्हाय, ताईचा हेवा वाटत होता.

"हे तुमच्याच हाताचं यश हाय," ताई मला म्हणाली.

मी तेच हात पुढं केले. "ये बाळा, आईकडं ये."

लेकीनं माझ्या हातांकडं बघितलं, आणि आपले पाय ताईच्या ओढणीखाली लपवले.