लाल चिंधीचा पंप

आमच्या घरी फवारणीचे दोन पंप आहेत. ज्याच्या पट्ट्याला लाल चिंधी बांधलीय तो फक्त उसातल्या तणनाशकाचा. तो दुसऱ्या कशाला लावायचा नाही, हे आमच्या गावात शेंबडं पोरही सांगेल.

मागच्या दारी, मोरीच्या पाण्यावर मी पुदिना, ओवा आणि भोपळ्याचा वेल वाढवला होता. भोपळ्याच्या फुलांची भजी म्हणजे नवऱ्याचा जीव. यंदा वेलावर माव्याची कीड पडली, म्हणून मी त्याला निंबोळी अर्क मारायला सांगितलं. त्याने हाताला लागला तो पंप उचलला, तोच चिंधीचा, आणि मारून मोकळा झाला.

दोन-तीन दिवसांत वेलाचे शेंडे पिळवटले, पुदिन्याची पानं आकसून गोळा झाली, कळ्या जागीच वाकड्या झाल्या. शेतातल्या त्याच्या टोमॅटोच्या प्लॉटमध्ये एका पानावर डाग दिसला तरी हा माणूस फोटो काढून जुन्नरच्या औषधाच्या दुकानात धावतो. माझा वाफा त्याने नीट वाकूनही पाहिला नाही.

"दोनदा धुतला व्हता की," तो म्हणाला. "आन् चार काड्यांचं काय एवढं? लाव परत."

माझं डोकं सणकलं. दुसऱ्या दिवशी तो टोमॅटोवर फवारायला निघाला, तेव्हा तोच पंप त्याच्या पुढ्यात ठेवला.

"घ्या," म्हटलं. "मी तीनदा धुतलाय."

तो झटकन मागे सरला. "येडी झाली का? समदा प्लॉट जाईल."