डब्याच्या किमतीतला ताप

माझ्या बायकोच्या आत्याइतकं दुसऱ्याच्या दुखण्यात मन घालणारं माणूस मीरा रोडपासून उत्तनच्या किनाऱ्यापर्यंत शोधून सापडलं नसतं. डॉक्टरांचं सोडा, त्यांना त्याचे पैसे मिळतात. आत्यांचा भाईंदर पूर्वेच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये स्टीलच्या डब्यांचा छोटा कारखाना होता. यजमान अचानक गेल्यावर तो विकून टाका असं सगळ्या नातेवाइकांनी सुचवलं. आत्यांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं, चहा दिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्याच्या दारात खुर्ची टाकून बसल्या. तिथे बसून येणाऱ्या प्रत्येक कामगाराची जीभ बघायची हा त्यांचा नेम. जीभ पांढरी दिसली की त्याला पत्रा दाबायच्या प्रेसवर बसू द्यायच्या नाहीत. आधी आल्याचा काढा, मग पुढचं. माल उचलायला आलेला टेम्पोवाला, मीटर बघायला आलेला माणूस, कोणी सुटायचं नाही. आमच्या लग्नात मी पाया पडलो तेव्हा आशीर्वाद देण्याआधी त्यांनी माझ्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली आणि बायकोच्या कानात काहीतरी सांगितलं. पुढे वर्षभर आमच्या सिल्व्हर पार्कच्या घरात बीट संपलं नाही.

त्यांचं म्हणणं असं, की डब्याच्या किमतीत पत्रा धरतात, वीज धरतात, मजुरी धरतात, मग ताप का धरत नाहीत? सवयीचा माणूस आजारी पडला की प्रेसवर नवखा बसतो आणि डबे वाकडे निघतात. "झाकण घट्ट बसत नाही ना, ते मलेरियामुळे," असं त्या गिऱ्हाइकाला अगदी शांतपणे सांगत. एकदा कॅनडाचा एक व्यापारी डबे बघायला आला. मी बँकेत इंग्रजी बोलतो, एवढ्या आधारावर मला दुभाष्या म्हणून बोलावलं होतं. त्याने भाव विचारायच्या आधी आत्यांनी त्याला काढा पाजला आणि मग मला विचारायला लावलं, की तुमच्या देशात कामगार आजारी पडला तर खर्च कोण करतं? तो म्हणाला, सरकार करतं, सगळ्यांच्या करातून. साहेब असो की झाडूवाला. त्याच्या मेहुण्याचा कारखाना सीमेपलीकडे अमेरिकेत होता. तिथे कामगारांच्या आजारपणाचा विमा मालकालाच काढावा लागे. तो बोजा एवढा वाढला, की मेहुण्याने नवा कारखाना सीमा ओलांडून कॅनडात काढला. आत्यांनी हे मला दोनदा सांगायला लावलं.

"म्हणजे कारखाना दवाखान्याच्या मागे गेला?" त्यांनी विचारलं.

त्यानंतर कित्येक महिने भाजीवाल्यापासून सोसायटीच्या वॉचमनपर्यंत सगळ्यांना त्या हिंदीतून सांगत होत्या, की उधर सरकार सबका डॉक्टर है.

हे दोन हजार सालानंतरचे दिवस. करात सूट मिळते म्हणून आमच्याकडचे कारखाने एकेक करून वापीच्या पलीकडे चालले होते. शेजारच्या गाळ्यात कुकरची हँडलं बनवणारे जयंतीभाई आत्यांच्या मागेच लागले, बेन, साथ में जाते हैं. एका रविवारी ते आम्हाला गाडीतून प्लॉट दाखवायला घेऊन गेले. तिथल्या एजंटने रस्ता दाखवला, विजेचे खांब दाखवले, पाणी दाखवलं. आत्यांनी विचारलं, इथे कोणाला ताप आला तर जायचं कुठे? तो म्हणाला, तालुक्याच्या गावाला, जीप मिळते ना. मग आत्या रस्त्याच्या कडेला जीपची वाट बघत बसल्या. जयंतीभाईंनी गाडीत बसायचा आग्रह केला, तर म्हणाल्या, माझ्या पॉलिशवाल्याकडे गाडी आहे का? ऊन उतरेपर्यंत आम्ही तिघं तिथे बसून होतो. जीप आली नाही.

पण परत येताना त्या बोटांवर डब्याच्या भावाचा हिशेब करत होत्या. भावात टिकायचं तर जावं लागणार, गेलं तर ही जुनी माणसं येणार नाहीत, हे त्यांना कळत होतं. त्याच सुमारास त्यांचा पॉलिशवाला रामदुलारे, पेणकरपाड्यात राहणारा, खोकू लागला. आत्यांना कळू नये म्हणून तो त्यांच्या आधी कामावर येऊन बसायचा. शेवटी टीबी निघाला. "मालकीण, निकालोगी तो नहीं?" एवढंच तो विचारत राहिला. आत्या स्वतः त्याला सरकारी केंद्रात घेऊन गेल्या, खर्चाची तयारी ठेवून. तिथे औषध फुकट होतं, कोणालाही, आणि नर्ससमोर गिळावं लागत होतं. त्याच्याबरोबर त्या अधूनमधून तिथल्या बाकावर जाऊन बसत. रामदुलारेचे गाल भरू लागले, तेव्हा एकदा त्याच बाकावर त्या मला म्हणाल्या, "जावईबापू, ह्या एका आजारापुरतं सरकारला जमलंय. मग बाकीच्या आजारांनी काय पाप केलंय?"

कारखाना हलवायचा नाही हे तिथेच ठरलं. पॉलिशच्या खोलीत धूळ ओढणारे पंखे लागले, आणि आत्या गाळ्यागाळ्यात फिरू लागल्या. सगळ्या मालकांनी मिळून एक डॉक्टर ठेवायचा, ज्याचे जेवढे कामगार तेवढा त्याचा वाटा.

जयंतीभाई म्हणाले, "बेन, हम हँडल बनाते हैं, दवाखाना नहीं चलाते."

"चलाते तो हो, जयंतीभाई," आत्या म्हणाल्या. "सिर्फ उसमें डॉक्टर नहीं है."

जयंतीभाई हसले, आणि गेले वापीच्या पलीकडे. बाकीच्यांपैकी काही जण कुरकुरत आले. एका रिकाम्या गाळ्यात रोज सकाळी डॉक्टर बसू लागला. आलेला माणूस कोणाचा, हे विचारायचं नाही ही आत्यांची अट. त्यामुळे इस्टेटच्या फाटकाशी मासे विकणारी उत्तनची बाईसुद्धा गुडघे दाखवायला रांगेत असायची. नफा फार वाढला असं नाही, पण माणसं टिकली, झाकणं बसू लागली आणि कॅनडाची ऑर्डर दरवर्षी येत राहिली.

पुढे काही वर्षांनी जयंतीभाईंचा फोन आला. तिकडे पावसाळ्यात तापाने कामगार गावी पळत होते आणि परतत नव्हते. बेन, वो डॉक्टरवाला आपने कैसे जमाया था? आत्यांनी टोमणा मारला नाही. त्या तिकडे जायला निघाल्या आणि मी गाडीने सोडायला गेलो. तोवर त्या बऱ्याच थकल्या होत्या. घोडबंदरचा रस्ता मागे पडला, तेव्हा बाहेर बघत म्हणाल्या, चार गाळ्यांनी मिळून एक डॉक्टर ठेवायचा, हे काही खरं नाही. सगळ्यांनी मिळून सगळ्यांचं बघायला हवं. मला काही ते बघायला मिळायचं नाही.

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही बघाल बहुधा."

आत्या जाऊनही आता बरीच वर्षं झाली. मी अजून वाट बघतोय. एरवी कोणाच्याही दुखण्याबद्दल त्या ठाम बोलत. बहुधा हा शब्द मी त्यांच्या तोंडून तेवढा एकदाच ऐकला. तरी कधी इस्टेटवरून जाताना डॉक्टरच्या गाळ्यासमोरची सकाळची रांग दिसते, आणि तो शब्द मला पुरेसा वाटतो.