ओझेला मावशीची उसनी जीभ

आमच्या लुइझियानाच्या खाडीकाठच्या गावात चर्चची रविवारची न्याहारी ओझेला मावशी रांधते. दुधात मऊ शिजवलेल्या मक्याच्या कण्या आणि वर कांद्यात परतलेल्या तिखट सॉसेजच्या चकत्या. वादळात घराचं छप्पर उडालं, त्या रविवारीही तिने अंगणात चूल मांडली होती. मग गेल्या हिवाळ्यात ती तापातून उठली, पण चव आणि वास दोन्ही गेले.

"क्लोव्हिस, आता तू चाखून सांगायचं," ती मला म्हणाली. मी तिचा भाचा. पन्नाशीत पहिल्यांदाच कुणी मला जबाबदारीचं काम दिलं होतं. मी इस्त्रीचा शर्ट घालून जायला लागलो. चमचा तोंडात धरून डोळे मिटायचो आणि दर वेळी एकच निकाल द्यायचो, थोडं तिखट हवं. लहानपणापासून मी अंड्यावर, भातावर, एकदा तर कलिंगडावरही मिरचीचा सॉस ओतलाय. त्यामुळे मला सगळंच मिळमिळीत लागतं, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

ईस्टरला मी तीनदा "अजून" म्हणालो. चर्चचे कारभारी लेझिन यांनी पहिला घास घेतला आणि संपलेली प्रार्थना पुन्हा सुरू केली. त्यांच्या बायकोच्या डोळ्यांतून धारा लागल्या. मला वाटलं, लोकांना भरून आलंय. मी आणखी वाढून घेतलं.

नंतर मावशीने मला नुसत्या मीठ घातलेल्या कण्या चाखायला दिल्या. यात मीठ घालायचं राहिलंय, मी सांगितलं.

"माझी जीभ आजाराने नेली, बाबा," ती म्हणाली. "तुला ती मिळालीच नव्हती."

चाखायचं काम लेझिनबाईंकडे गेलं. माझ्या हाती ढवळायची पळी आली. पहिल्याच रविवारी मी गुठळ्या केल्या.

एकदा सॉसेज परतताना मावशी हळूच म्हणाली, "वास कसा सुटलाय रे?"

काहीतरी छान सांगावं म्हणून मी खूप विचार केला. "सॉसेजसारखा."

मावशी इतकी हसली की तिला स्टूल ओढून बसावं लागलं. डोळे पुसत म्हणाली, "नीट सांग ना."

मी नाक पुढे केलं. धुराचा आहे, म्हणालो, लसणाचा आहे, खाली चरबी तडतडतेय तिचा गोडसर आहे. ती डोळे मिटून ऐकत होती.

"आणि जरासा करपल्याचा."

"अरे, मग तवा उतरव!"

अर्धा तवा वाचला. आता दर रविवारी मी ढवळतो आणि तिला वास सांगतो. माझ्या शब्दांवर अजून तिचा भरवसा नाही, पण स्टूल तिने माझ्या शेजारीच ठेवलंय.