डोमाजीच्या खडूच्या खुणा

इंजिनाच्या खोलीत शिरताना डोमाजी फिटर चपला बाहेर काढायचा. खडूचा तुकडा कानावर ठेवायचा. नट आवळला की त्यावरून अंगठा फिरवायचा. आणि इंजिन बंद पडलं की कोणालाही जवळ येऊ द्यायचा नाही. चाक थांबलं तिथे रेघ ओढायचा, तेल गळलं तिथे गोल.

“मरतानी ते काई तरी सांगून जाते. ते पुसू नोका.”

खुशालला हे वाक्य फार आवडलं होतं. तो नुकताच बी.ए. झालेला, डोमाजीच्या हाताखाली लागलेला, त्याच्याच गल्लीतला, अकोल्याच्या जुन्या शहरातला.

“कविता नोको करू बे,” डोमाजी हसायचा. “पाणी आन.”

एकसष्ट सालच्या उन्हाळ्यात कापसाच्या जिनिंगमध्ये नवं ऑइल इंजिन आलं. डोमाजीने ते बसवलं. सुरू झालं आणि बंद पडलं. दोनदा असंच झालं. दोन्ही वेळा दिवाणजी केशवरावांनी इंजिन धुवून घेतलं, शेंदूर लावला, नारळ फोडला. खुणा गेल्या. अमरावतीहून कंपनीचा माणूस आला, त्याला लखलखीत इंजिन दिसलं. “बसवणाऱ्याची चूक,” तो म्हणाला.

“पूजेले उभा राह्यत नाही,” केशवराव म्हणाले, “मंग मशीन कशी चालन?”

डोमाजीच्या घरचे छप्पन साली बौद्ध झाले होते. पुन्हा ठपका आला तर वऱ्हाडातलं एकही जिनिंग त्याला दारात उभं करणार नव्हतं.

तिसऱ्यांदा इंजिन बंद पडलं ते भर दुपारी. केशवरावांनी झाडूवाल्या गंगूबाईला बादली घेऊन पाठवलं. डोमाजीने आतून कडी लावली.

“कंपनीचा माणूस पाहीन, मंगच धुवा!”

केशवराव भडकले. त्यांनी बाहेरूनही साखळी चढवली. “राह्य आतच. तहान लागली म्हंजे सोंग उतरन.”

खुशालने खिडकीच्या गजांतून तांब्या दिला. आत पत्रा तापला होता. इंजिनाची धग वेगळीच.

“बाहीर ये ना, भौ.”

“मी बाहीर आलो का बादली आत आली. तू टेशनावर जाय. आजच्या गाडीनं कंपनीवाला येनार हाये, त्याले घेऊन ये.”

“आन् तू?”

“मी कुठी जातो?”

गाडी उशिरा आली. खुशालने टांगा पळवला. साखळी काढली, हाका मारल्या. आतून ओ आली नाही. शेवटी दार फोडलं.

डोमाजी चाकाला टेकून बसला होता. अंग भट्टीसारखं, डोळे अर्धे उघडे. दवाखान्यात पोचेपर्यंत संपला होता.

संध्याकाळी कंपनीचा माणूस एकेका खुणेमागे गेला. रेघ, गोल, काजळीचा फवारा. बराच वेळ वाकून पाहत राहिला.

“सिलिंडरचं हेड मुळातच चिरलेलं आहे. आमच्याकडूनच असं आलं.”

गंगूबाई बादली तिथेच ठेवून रडत होती.

खुशाल चाकाजवळ उभा राहिला. फरशीवर काजळीचा मोठा डाग होता. त्याच्याभोवती खडूची रेघ निघाली होती. अर्ध्यापर्यंत वळली होती. पुढे फरशी कोरी होती.