धाकट्या जावेचं फणसाचं आइस्क्रीम

आमची निंबोल्याला केळीची बाग, त्यामुळे उन्हाळ्यात घरात केळ्याचा शेक व्हायचा आणि तो माझ्याच हातचा. यंदा धाकटी जाऊ कोकणातल्या माहेराहून फणसाचे गरे घेऊन आली. तिने त्यांचं आइस्क्रीम केलं आणि ते दुधात फिरवून सगळ्यांना शेकचे ग्लास भरून दिले. माझा शेक इतकी वर्षं मुकाट पिणारे सासरे म्हणाले, "मजा आली. रोज केळं पिऊन कंटाळलो होतो."

माझा नुसता जळफळाट झाला. "फार गोड झालाय," म्हणून मी ग्लास अर्धाच पिऊन ठेवला.

दुसऱ्या दुपारी सगळे झोपलेले पाहून मी फ्रीजरमधून आइस्क्रीमचा डबा काढला. तिने असं काय केलंय, ते मला बघायचंच होतं. मिक्सरच्या आवाजाने जाऊ उठून दारात आली.

"खराब तर नाही ना झालं, बघत होते," मी म्हणाले.

"ताई, दूध कमी घाला, म्हणजे दाट होतो," म्हणत तिने दोन ग्लास काढले. आम्ही ओट्याशी उभ्यानेच प्यायलो. मी आणखी अर्धा ग्लास ओतून घेतला, पण छान झालाय हे काही तिला सांगितलं नाही.